सायकलीची नियतकालिके आणि नित्याचा सायकलस्वार
(मालवण किनाऱ्याच्या संदर्भात एक विचार)

१

एखादे यंत्र समाजात रुळले म्हणजे त्याच्याबरोबर त्याचे वाङ्मयही जन्मास येते. शिवणयंत्राबरोबर बेतण्याची पुस्तके आली, छायाचित्रणाबरोबर त्या कलेची मासिके आली. सायकलीच्या बाबतीत तर वाङ्मयाची ही वाढ विलक्षण वेगाने झाली. युरोपात व अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत सायकलीस वाहिलेली साप्ताहिके, मासिके व मंडळांची मुखपत्रे मोठ्या संख्येने निघाली आणि त्यांतील काही आजही चालू आहेत. तथापि या नियतकालिकांचा वाचक आणि सायकलीचा वापर करणारा मनुष्य हे दोघे एकच होते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पहाटे पाव पोचविणारा, टपाल वाटणारा, मासळीची पाटी मागे बांधून वाडीवाडीतून हिंडणारा, शाळेसाठी दोन कोस जाणारा असा जो नित्याचा सायकलस्वार, त्याची गरज या वाङ्मयाने कितपत भागविली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

त्यासाठी मालवण किनाऱ्याचा प्रदेश समोर ठेवला आहे. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. खाड्या, जांभ्या दगडाचे सडे, उभ्या चढणीच्या घाट्या आणि वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस यांनी घडलेल्या या भूमीत सायकल चालविणे हा करमणुकीचा विषय कधीच नव्हता. ज्या यंत्राचे वाङ्मय सपाट व सुखसोयींच्या देशात लिहिले गेले, ते यंत्र येथे कसे वापरले गेले, त्याची विद्या कोणी कोणास दिली आणि ती कोणत्या शब्दांत दिली, हे पाहिले असता वरील प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे स्पष्ट होते.

यंत्राचा इतिहास म्हणजे केवळ शोधांचा इतिहास नव्हे, तो वापराचा व दुरुस्तीचाही इतिहास आहे, हे सूत्र डेव्हिड एजर्टन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आग्रहाने मांडले. डेव्हिड अर्नोल्ड यांनी २०१३ च्या ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ या ग्रंथात सायकल, शिवणयंत्र, टंकलेखनयंत्र व भातगिरणी या लहान यंत्रांच्या आधारे हिंदुस्थानच्या आधुनिकतेची चर्चा केली. त्या मार्गावरच, परंतु नियतकालिके व भाषा ही दोन साधने हाती घेऊन, येथे थोडे पुढे जावयाचे आहे.

२

पाश्चात्त्य सायकल-नियतकालिकांचे स्थूलमानाने तीन वर्ग पाडता येतील.

पहिला वर्ग शर्यतीवर पोसलेल्या पत्रांचा. फ्रान्समध्ये १९०० साली निघालेल्या ‘लोटो’ या दैनिकाने आपला खप वाढविण्यासाठी १९०३ साली ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू केली. खप सुमारे २५,००० होता, तो त्या शर्यतीने ६५,००० च्या घरात गेला. येथे सायकल ही वाचावयाची व पाहावयाची वस्तू झाली. शर्यतीची वर्णने चवीने वाचणारा कामगार स्वतः रोज सायकलीवरून कारखान्यात जात असेलही, परंतु त्या पत्राने त्याच्याशी संवाद केला तो प्रेक्षक म्हणून.

दुसरा वर्ग व्यापाराच्या आधाराने चालणाऱ्या साप्ताहिकांचा. इंग्लंडमधील ‘सायक्लिंग’ हे साप्ताहिक १८९१ साली निघाले. त्यात प्रवासवर्णने, शर्यती व नव्या यंत्रांची परीक्षणे येत, आणि त्याचे अर्थकारण जाहिरातींशी जोडलेले होते. सायकलीचा खप ओसरून लहान इंजिनांच्या मोपेड गाड्या बाजारात आल्या, तेव्हा १९५७ साली या साप्ताहिकाने आपले नावच ‘सायक्लिंग अँड मोपेड्स’ असे केले. नवा वाचक काही मिळाला नाही, उलट जुना दुरावला व खप आणखी घटला. पुढे ते नाव टाकून द्यावे लागले. ज्या पत्राचे लक्ष पुढच्या खरेदीकडे असते, त्याला आधीच विकत घेतलेल्या सायकलीवर वीस वर्षे काढणारा मनुष्य दिसेनासा होतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

तिसरा वर्ग मंडळांच्या व ध्येयवादी संपादकांच्या पत्रांचा, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. १८८० साली स्थापन झालेल्या अमेरिकन सायकलस्वारांच्या ‘लीग’ने १८९२ साली ‘गुड रोड्स’ हे मासिक काढले. त्याचा विषय सायकल नव्हताच, रस्ता होता. चिखलाने रुतणारे ग्रामीण मार्ग सुधारावेत, त्यासाठी सरकारने खर्च करावा, असा घोष त्याने सतत चालविला. सायकलस्वारांच्या या चळवळीमुळे अमेरिकेच्या कृषिखात्यात १८९३ साली रस्त्यांच्या चौकशीचे स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले. ज्या शेतकऱ्याने मासिकाचे पानही पाहिले नसेल, त्याच्या बैलगाडीलासुद्धा पुढे चांगला रस्ता मिळाला.

फ्रान्समधील सेंत-एत्येन या डोंगराळ गावातून पॉल द व्हिव्ही यांनी १८८७ साली काढलेले पत्र, जे पुढे ‘ल सिक्लिस्त’ या नावाने प्रसिद्धी पावले, तेही याच वर्गात मोडते. चढणीवर गती बदलता आली पाहिजे, यासाठी त्यांनी अनेक गिअरांचा पुरस्कार आयुष्यभर केला. शर्यतीच्या चालकांना मात्र हे साधन दुबळ्यांचे वाटे. ‘तूर द फ्रान्स’मध्ये साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या गिअरला मोकळीक मिळाली ती १९३७ साली. ज्या पत्राचा संपादक स्वतः डोंगरात राहत होता, त्याला चढणीचे दुःख आधी कळले.

या तिन्ही वर्गांकडे एकत्र पाहिले असता असे दिसते की, नियतकालिकाने नित्याच्या स्वारास यंत्र हाताळण्याची विद्या शिकविली, असे फारसे घडले नाही. त्याचे खरे सामर्थ्य प्रकट झाले ते विखुरलेल्या स्वारांच्या अडचणींना सार्वजनिक मागणीचे रूप देण्यात.

३

मराठी प्रदेशात सायकल आली ती याच काळात. तिच्या आगमनाची एक ठळक कथा मालवण किनाऱ्याच्या पाठीशी, घाटमाथ्यावरील बेळगावात घडली. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. त्यांनी व त्यांचे बंधू रामचंद्रपंत यांनी बेळगावात सायकली विकण्याचा व्यवसाय आरंभिला. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही पेढी आपला जन्म १८८८ सालचा मानते, आणि बेळगावातील एक रस्ता आजही किर्लोस्कर रस्ता म्हणून ओळखला जातो. त्या आरंभीच्या दिवसांत गिऱ्हाइकास सायकल विकून भागत नसे, त्याला ती चालविण्यास शिकवावेही लागे. विक्रेता हाच गुरू होता, आणि विद्या हातापायांनी द्यावयाची होती.

पुढे हेच घराणे लोखंडी नांगराकडे वळले आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२० साली तेथून शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादकत्वाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. आरंभी तिचे स्वरूप कारखान्याच्या मुखपत्राचे होते. सायकल विकणाऱ्या पेढीला मासिकाची गरज भासली नाही, नांगर विकणाऱ्या कारखान्याला मात्र भासली, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. याची उपपत्ती अशी लावता येईल : सायकल घेणारा गावात, पेढीच्या दाराशी होता. त्याच्या अडचणीवर इलाज करणारा हात जवळच होता. नांगर घेणारा शेतकरी मात्र दूरदूरच्या खेड्यांत पसरलेला होता. जेथे जाणता हात पोचत नाही, तेथे छापील कागद पाठवावा लागतो.

तथापि त्या कागदाचेही पुढे काय झाले, हे पाहिले पाहिजे. ‘किर्लोस्कर खबर’ झपाट्याने वाढली, तिच्यात कथा, सामाजिक लेख, व्यंगचित्रे येऊ लागली आणि ती सुशिक्षित मराठी कुटुंबाचे मासिक बनली. भाषाशुद्धीच्या वातावरणात नावातला ‘खबर’ हा परकीय शब्दही गळला व केवळ ‘किर्लोस्कर’ उरले. मराठी समाजजीवनावर या मासिकाचे उपकार मोठे आहेत, त्याबद्दल दुमत नाही. परंतु अवजार वापरणारा हा त्याचा मूळ वाचक, तो हळूहळू मागे पडला. नागपूरहून १९१९ साली निघालेल्या ‘उद्यम’ मासिकाने लहान धंद्यांची व हस्तव्यवसायांची माहिती मराठीत देण्याचा उपक्रम दीर्घकाळ चालविला, हा या बाबतीतील आदरणीय प्रयत्न होय. परंतु त्याचाही रोख धंदा करू इच्छिणाऱ्या साक्षर तरुणाकडे होता. सायकलीलाच वाहिलेल्या नियतकालिकांची परंपरा मराठीत उभी राहिली नाही.

यावरून एक सामान्य नियम सांगावयास हरकत नाही. वस्तूविषयीचे नियतकालिक कोणत्याही हेतूने निघो, कालांतराने ते वापरणाऱ्याकडून वाचणाऱ्याकडे सरकते. लंडनच्या साप्ताहिकाचे जे झाले तेच, निराळ्या कारणांनी व अधिक उदात्त रीतीने, किर्लोस्करवाडीच्या मासिकाचे झाले.

४

मग मराठी सायकलस्वाराला त्याची विद्या कोठून मिळाली? या प्रश्नाचे उत्तर भाषा देते.

मराठीत चाकाच्या गाडीची परिभाषा जुनी व संपन्न आहे. तुंबा, आरे, आस, धाव, वंगण हे शब्द सुतार, लोहार व गाडीवान यांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या होते. सायकलीला प्रथम ‘पायगाडी’ हे नाव मिळाले, त्यात हीच परंपरा दिसते. परंतु पायगाडी टिकली नाही. ‘सायकल’ हा शब्द रूढ झाला, आणि तो स्त्रीलिंगी ठरला. हे लिंग त्याला गाडी या शब्दाच्या सादृश्याने मिळाले असावे. जुना शब्द गेला, पण जाताना आपले लिंग ठेवून गेला. भागांच्या नावांतही टायर, ट्यूब, ब्रेक, हँडल, पेडल हे परकी शब्द आले, आणि आऱ्याची जागा ‘स्पोक’ने किंवा नुसत्या ‘तारे’ने घेतली. याचे कारण उघड आहे. हे यंत्र तयार भागांच्या रूपाने परदेशातून आले. त्याचे भाग खोक्यावर इंग्रजीत छापलेल्या नावांनी विकले गेले, आणि ते दुरुस्त करणारा मनुष्य बहुधा गावच्या सुतारापेक्षा वेगळा होता.

परंतु याच्या पुढचा शब्दसंग्रह अधिक उद्बोधक आहे. पुढचे चाक धरून ठेवणारा तो ‘चिमटा’. सायकल उभी करावयाची ती ‘घोड्यावर’. आसाभोवती फिरणाऱ्या पोलादी गोळ्या ते ‘छर्रे’. फ्रीव्हीलच्या आत दाते पकडणारे जे लहान तुकडे, ती ‘कुत्री’. ती झिजली की पायडल मोकळेच फिरते. हे शब्द कोणत्याही समितीने घडविलेले नाहीत. ते आकारावरून व वागणुकीवरून, हात काळे असताना, सुचलेले आहेत.

क्रियापदे त्याहून बोलकी आहेत. इंग्रजीत पंक्चर बुजविण्याची वा दुरुस्त करण्याची भाषा असते. मराठीत पंक्चर ‘काढतात’. जसा पायातला काटा काढावा, बाळाची दृष्ट काढावी, तसे ते काढावयाचे. चाक लचकून वाकडे फिरू लागले म्हणजे कारागीर त्याचा ‘आउट काढतो’. दोष ही यंत्रात शिरलेली बाहेरची पीडा आहे आणि ती उपसून टाकली की यंत्र मूळचे निरोगी आहे, अशी कल्पना या एका क्रियापदात साठविलेली आहे. ‘ओव्हरहॉलिंग’ या न कळणाऱ्या शब्दाचे ‘ओव्हरऑइलिंग’ झाले, ते तर लोकव्युत्पत्तीचे नमुनेदार उदाहरण. कारण त्या कामात तेल दिसते, दुसरे काय ते दिसत नाही. आणि ‘डबलसीट’! इंग्रजी अक्षरांचा हा शब्द वापराने पूर्णपणे मराठी आहे. यंत्राच्या कारखानदाराने ज्याची कल्पना केली नव्हती आणि पोलिसांनी ज्यासाठी अनेकांना अडविले, अशा एका सार्वत्रिक वहिवाटीचे ते नाव आहे.

या शब्दांत एकही शब्द नियतकालिकाने दिलेला दिसत नाही. ते दुकानाच्या फळीवर, पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधताना, एका तोंडातून दुसऱ्या कानात गेलेले आहेत. नित्याच्या स्वाराचे विद्यापीठ होते ते हे. भाड्याने तासावर सायकल देणारा दुकानदार हा त्याचा आचार्य, आणि उंच सायकलीवर सीटपर्यंत पाय न पोचल्यामुळे दांड्याखालून पाय घालून शिकणारे पोर हा त्याचा विद्यार्थी.

५

आता मालवण किनाऱ्यावरील स्वाराची गरज नेमकी काय होती व आहे, ते पाहू.

गेल्या शतकात येथे वापरली गेलेली सायकल ती प्रायः इंग्रजी घडणीची काळी, जड, उभ्या बसणीची : २८ इंची चाके, दीड इंच रुंद टायर, सळईचे ब्रेक, एकच गती. स्वातंत्र्यानंतर मद्रास, सोनपत, असनसोल, लुधियाना येथील कारखान्यांनी हाच नमुना देशी केला. तो मजबूत होता, ओझे वाहत होता व कोठेही दुरुस्त होत होता, हे त्याचे गुण. परंतु तो मूळचा सखल प्रदेशाचा. सड्यावरून वाडीत उतरणाऱ्या घाटीवर या सायकलीचे लोखंडी कडे पावसात ओले झाले की ब्रेक घसरतो, आणि परतीच्या चढावर स्वार खाली उतरून सायकल हाताने ढकलतो. सेंत-एत्येनच्या संपादकाने मांडलेला गिअरांचा प्रश्न अगदी हाच होता. परंतु त्याचे उत्तर जेव्हा भारतीय बाजारात आले, तेव्हा ते बहुतांशी हौशी स्वारांच्या महाग सायकलीबरोबर आले, मासळीच्या पाटीबरोबर आले नाही.

दुसरी अडचण खाऱ्या वाऱ्याची. देवबाग हे गाव समुद्र व कर्ली नदीची खाडी यांच्यामधल्या वाळूच्या पट्टीवर वसलेले आहे. अशा ठिकाणी साखळी, तारा, नटबोल्ट यांवर गंज लवकर चढतो आणि वाळू छऱ्यांत शिरून त्यांना दळते. पावसाळ्याआधी व नंतर सायकल उघडून, धुऊन, वंगण भरणे ही येथे चैन नसून आवश्यकता आहे. तिसरी अडचण मार्गाची : जेथे व्हाळावर नुसता साकव होता, तेथे स्वाराला सायकल खांद्यावर घ्यावी लागे, आणि जेथे खाडी होती तेथे ती तरीत चढवावी लागे. पूल झाले तशी ही अडचण कमी झाली.

या तिन्ही अडचणींपैकी पहिल्या दोहोंवर दुकानातील कारागिराने आपल्यापरीने इलाज केले. कोणता ब्रेकचा रबर पावसात बरा, साखळीला किती तेल द्यावे म्हणजे वाळू चिकटणार नाही, हे त्याला ठाऊक असते. लंडनच्या वा पॅरिसच्या कोणत्याही मासिकाने त्याला हे सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी त्याच्या कामी आले नसते.

तिसरी अडचण मात्र कारागिराच्या आवाक्याबाहेरची आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. किनाऱ्यावरील रस्त्यांवर मोटारींची वर्दळ वाढली. अरुंद रस्त्याच्या कडेला, डांबर संपून जांभ्याची धूळ सुरू होते त्या चिंचोळ्या पट्टीवर, सायकलस्वाराने कोठे चालावे, हा प्रश्न पाना-पकडीने सुटणारा नाही. तेथे ‘गुड रोड्स’सारखा आवाज लागतो. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. इतक्या मोठ्या समुदायाचे स्वतःचे म्हणून मुखपत्र नसावे, यात त्या समुदायाचे सामाजिक स्थानच प्रतिबिंबित झाले आहे. नगरपालिकांनी एकेकाळी सायकलीवर कर घेतला व पितळी बिल्ला दिला. म्हणजे कर देणारा म्हणून स्वाराची नोंद झाली, मागणी करणारा म्हणून झाली नाही.

६

या विवेचनाचा निष्कर्ष दुहेरी आहे.

सायकलीच्या नियतकालिकांनी नित्याच्या स्वाराची गरज भागविली काय, या प्रश्नाचे उत्तर विद्येच्या बाबतीत नकारार्थी द्यावे लागते. परंतु त्यात त्या स्वाराचे फारसे बिघडले नाही, कारण त्याला अधिक चांगला गुरू जवळच मिळाला होता. सार्वजनिक हक्काच्या बाबतीत मात्र चित्र उलटे आहे. जे काम फक्त नियतकालिकच करू शकले असते, ते मराठीत झाले नाही, आणि त्याची किंमत रस्त्याच्या कडेने जाणारा मनुष्य आजही देत आहे. तोंडी विद्येचा महिमा गाताना तिची ही मर्यादा विसरून चालणार नाही. दुकानातली तक्रार दुकानातच विरते, कारण तिला तारीख, पत्ता व सही नसते.

आणि आता ती तोंडी विद्याही संकटात आहे. नित्याचा स्वार मोटारसायकलीकडे वळला. ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ‘अ‍ॅटलस’चा साहिबाबाद येथील कारखाना बंद पडला. गावोगावचे सायकल दुरुस्तीचे दुकान मोटारसायकलीचे होत आहे अथवा म्हाताऱ्या मालकाबरोबर मिटत आहे. ‘चिमटा’ व ‘छर्रे’ मोटारसायकलीच्या दुकानात कदाचित तगतील. ‘कुत्री’ व ‘आउट’ यांचे भवितव्य सांगता येत नाही.

डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणात १९६५ साली ‘कुडाळी’चा खंड सिद्ध केला, त्यामुळे या जिल्ह्यातील बोलीचे एक विश्वसनीय चित्र आपल्या हाती आहे. त्याच शिस्तीने या भागातील कारागिरांची परिभाषा नोंदविण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे आहे. मालवण, आचरा, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी या ठिकाणच्या दुरुस्तीच्या दुकानांत बसून शब्द, त्यांचे लिंग, त्यांच्याबरोबर येणारी क्रियापदे आणि त्या शब्दांनी सांगितली जाणारी कृती ही चारही अंगे टिपली पाहिजेत. केवळ नामांची यादी करून भागणार नाही, कारण ‘पंक्चर’ हा शब्द सर्वत्र आहे, ‘काढणे’ हे आपले आहे. त्याबरोबरच त्या कारागिराकडे येणाऱ्या स्वाराच्या रस्त्याविषयीच्या तक्रारीही, गाव व दिनांक घालून, लिहून घ्याव्यात. शब्दांसाठी गेलेल्या विद्यार्थ्याने तेवढे केले, तर जी नोंद सव्वाशे वर्षांत कोणत्याही मासिकाने केली नाही, तिचा आरंभ आपल्या विभागातून होईल.